घानात तमालेला पोस्टिंग: इंग्रजीवर भागेल का, आणि परवानगी नक्की कुणाची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सिव्हिल इंजिनियर, कंपनी पुण्याची, घानाच्या उत्तरेला तमाले शहराच्या आसपासच्या गावांत सोलर पंपावरच्या नळयोजना उभ्या करायच्यात, मुक्काम दोन वर्षं. विचारलंय की इंग्रजीवर भागेल का, कारण एक जण म्हणतो ट्वी शिक आणि दुसरा म्हणतो हौसा. परवानगी नगरपालिकेची घ्यायची की तिथल्या 'राजाची'. राजाला काहीतरी द्यावं लागतं म्हणतात ती लाच आहे का. आणि बायको शाकाहारी आहे, तिचं कसं होणार.

मी भूजलाच्या कामातली. बोअर कुठं घ्यायचं ते शोधणं, ड्रिलिंगवर देखरेख, आणि पंप गावाच्या ताब्यात जाईपर्यंतची सगळी कटकट हे माझं काम, आणि त्यातली बरीच वर्षं तमाले, सावेलुगु, तोलोन, कुंबुंगु या पट्ट्यात गेलीत. त्यामुळे मी सांगतेय ते या पट्ट्यापुरतं. तुमची गावं पश्चिमेला दामोंगोच्या बाजूला निघाली तर तिथं गोंजा भाषा, तिचं तमालेकडच्या डागबानी भाषेशी जवळचं नातं नाही, चीफ म्हणजे तिथले पारंपरिक प्रमुख वेगळे, रीत वेगळी. वर बोलगातांगाला गेलात तर अजून तिसरंच. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हा विचारा की गावं कुठल्या जिल्ह्यात आहेत, नुसतं 'तमालेजवळ' म्हणून काहीच कळत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही भाषेचा प्रश्न आणि परवानगीचा प्रश्न असे दोन वेगळे विचारलेत, पण माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. तमालेत कागद इंग्रजीत होतो आणि निर्णय डागबानीत होतो. ऑफिसात सगळे तुमच्याशी छान इंग्रजी बोलतील, पत्राला शिक्का मिळेल, आणि तुम्हाला वाटेल झालं काम, पण ड्रिलिंगची रिग गावात पोचली की कळतं की गावातल्या लोकांनी अजून काही ठरवलेलंच नाहीये, किंवा ठरवलंय पण दुसरंच. म्हणून इंग्रजीवर भागेल का, तर दुकान, बँक, ऑफिस, भाड्याचं घर इतपत सहज भागेल. योजना उभी करण्यापुरतं नाही भागणार.

शहराचं थोडं सांगते. तमाले म्हणजे घानाच्या नॉर्दर्न रीजनची राजधानी, देशाच्या राजधानीहून, म्हणजे अक्राहून, साधारण सहाशे किलोमीटर उत्तरेला, बसनं अख्खा दिवस किंवा अख्खी रात्र, विमानानं तासभर. इंग्रजांनी 1907 साली आपलं उत्तरेकडचं मुख्य ठाणं गांबागाहून इथं हलवलं तेव्हापासून ते वाढत गेलं. बहुसंख्य लोक डागोंबा, म्हणजे डागबानी बोलणारे, धर्मानं मुसलमान. रस्त्यावर मोटरसायकलींचा महापूर, त्यात बायका हिजाब बांधून, पाठीला मूल बांधून सुसाट चाललेल्या असतात, आणि त्यांच्या मधून पिवळ्या तीनचाकी रिक्षा, ज्यांना सगळे 'येलो-येलो' म्हणतात. त्यातल्या बऱ्याच आपल्याच बजाज नाहीतर टीव्हीएसच्या असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी थोडं घरच्यासारखं वाटतं हे खरं. पोरं 'सिलिमिंगा, हॅलो!' म्हणून ओरडतील. हा शब्द गोऱ्यांसाठीचा, पण आपण पण त्यातच मोडतो, वाईट वाटून घेऊ नका.

भाषा. ट्वी ही दक्षिणेची, कुमासी-अक्राकडची. तमालेत ती खूप जणांना कळते, बस स्टँडवर, कुमासीहून आलेल्या मिस्त्री लोकांशी, स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला येते. ट्वीचं साहित्य इंटरनेटवर जास्त सापडतं म्हणून बाहेरचे लोक तीच शिकून येतात. पण गावात जाऊन तुम्ही ट्वी बोललात तर कुणी अपमान करणार नाही, फक्त समोरचा मनात नोंद करून ठेवतो की हा दक्षिणेकडून शिकून आलाय. उत्तरेच्या लोकांना अक्रा आपल्याला विचारत नाही ही जुनी खंत आहे आणि तिला कारणं पण आहेत, तेव्हा त्या पारड्यात आपणहून जाऊन बसू नका.

हौसाचं वेगळं. हौसा मुळात नायजेरिया-नायजरकडची, पण व्यापारामुळे सगळ्या पश्चिम आफ्रिकेच्या या आडव्या पट्ट्यात ती चालते. झोंगो म्हणजे बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांच्या जुन्या वस्त्या, तिथं, ट्रक ड्रायव्हरांशी, गुरांच्या बाजारात, बुर्किना फासोहून कांदा घेऊन येणाऱ्यांशी हौसाच चालते. तुम्ही व्यापारात असता तर मी डोळे मिटून सांगितलं असतं हौसा शिका. पण पाण्याच्या कामात तुमचा संबंध शेतकरी आणि त्यांच्या बायकांशी, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना ना इंग्रजी येत ना हौसा. पंपावर बादली घेऊन उभी असणारी बाई डागबानी बोलते. रेडिओ डागबानी बोलतो, आणि रेडिओ ही तिथं फार मोठी गोष्ट आहे, अर्धा जिल्हा सकाळी रेडिओ ऐकूनच घराबाहेर पडतो.

शाळेचं गणित पण समजून घ्या, नाहीतर तुमचा अंदाज चुकेल. सरकारमान्य अकरा घानी भाषा शाळेत वापरल्या जातात, डागबानी त्यातली एक, आणि धोरण असं की पहिली तीन वर्षं मुलांना त्यांच्या भाषेत शिकवायचं आणि चौथीपासून इंग्रजी. कागदावर. प्रत्यक्षात शिक्षक कुठून बदलून आलाय आणि पुस्तकं आहेत का यावर सगळं. याचा परिणाम असा की गावात तुमच्याशी इंग्रजी बोलायला पुढं येईल तो विशी-पंचविशीतला पोरगा, चुणचुणीत, हसतमुख, तुम्हाला वाटेल हाच आपला माणूस. पण गावात त्याच्या शब्दाला वजन किती हे त्याच्या बापाला किंवा काकाला विचारावं लागतं.

म्हणून माझा सल्ला, डागबानी शिका, आणि सगळी शिकायच्या भानगडीत पडू नका. ती सुरांची भाषा आहे, उच्चाराची चढउतार चुकली की अर्थ बदलतो, दोन वर्षांत तुम्ही त्यात मीटिंग घेऊ शकणार नाही. पण रामराम नीट शिका. तिथं ते लांबलचक प्रकरण असतं. सकाळी 'दसिबा', त्यावर उत्तर 'नाआ', मग झोप कशी झाली, घरचे कसे, बायको कशी, पोरं कशी, काम कसं, आणि प्रत्येकाला उत्तर 'नाआ'. दुपारी 'अंतिरे', संध्याकाळी 'अनिवुला'. हे सगळं होईपर्यंत कामाचा विषय काढायचा नाही. आपल्याकडचे इंजिनियर गाडीतून उतरतात आणि थेट नकाशा उघडतात, आणि मग म्हणतात गाव सहकार्य करत नाही. तीन मिनिटं लागतात हो, त्यात काय एवढं.

बाकी सगळ्यासाठी दुभाषा ठेवा, पगारी. ड्रायव्हरला दुभाषा करू नका, हे मी ठासून सांगतेय. ड्रायव्हर बिचारा चांगला असतो पण त्याला घरी जायची घाई असते आणि तो वीस मिनिटांचं बोलणं 'दे आर सेईंग इट इज ओके' एवढ्यावर आणतो. त्या वीस मिनिटांतच कुणाला जागा नको आहे, कुणाची कबर जवळ आहे, कोण गप्प बसलाय ते सगळं असतं. दुभाषा वयानं थोडा मोठा घ्या, शक्यतो निवृत्त शिक्षक किंवा आरोग्य खात्यातला माणूस, आणि बायकांच्या बैठकीसाठी बाई घ्या.

आता परवानगी. इथं तीन दारं आहेत: असेंब्ली, चीफ, आणि पाण्याची सरकारी एजन्सी. तीनही लागतात, आणि एकाचं काम दुसरा करून देत नाही.

असेंब्ली म्हणजे तिथलं स्थानिक सरकार. आजची रचना 1988 च्या कायद्यानं सुरू झाली, मग 1992 च्या राज्यघटनेत बसवली गेली, आणि सध्या 2016 चा लोकल गव्हर्नन्स अ‍ॅक्ट लागू आहे. देशात अशा 261 असेंब्ली आहेत, मोठ्या शहराला मेट्रोपॉलिटन, मधल्याला म्युनिसिपल, बाकी डिस्ट्रिक्ट. तमाले 2004 पासून मेट्रोपॉलिटन. पण 2012 ला त्याच शहराचा एक मोठा लचका तोडून सागनारिगु ही वेगळी असेंब्ली केली. जमिनीवर हे दोन वेगळे दिसतच नाहीत, वस्ती सलग आहे, रस्ता ओलांडला की असेंब्ली बदलते. 2021 च्या जनगणनेत तमाले पावणेचार लाखाच्या आसपास आणि सागनारिगु साडेतीन लाखाच्या थोडं खाली, म्हणजे लहानसहान तुकडा नाहीये तो. तुमचं गोडाऊन, ऑफिस, पाइपचं यार्ड नक्की कुणाच्या हद्दीत येतं ते भाडेकरार करायच्या आधी बघा, नाहीतर दोन्हीकडचे वसुलीवाले येतात आणि दोघांकडे पावतीपुस्तक असतं.

असेंब्लीचा प्रमुख म्हणजे चीफ एक्झिक्युटिव्ह. त्याला लोक निवडून देत नाहीत. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि असेंब्लीच्या हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी मत दिलं तर तो बसतो. सदस्यांपैकी साधारण सत्तर टक्के वॉर्डातून निवडून येतात आणि बाकीचे सरकार नेमतं. निवडून येणाऱ्यांना पक्षाचं चिन्ह वापरायला घटनेनंच बंदी आहे, तरी कोण कुणाचा ते चहाच्या टपरीवर कुणीही सांगेल. ही बंदी उठवायला डिसेंबर 2019 मध्ये सार्वमत ठरलं होतं, ते सरकारनं आयत्या वेळी मागं घेतलं. आपल्याकडच्या माणसाला समजायला सोपं म्हणून सांगायचं तर नगरसेवक लोकांचे पण महापौर वरून पाठवलेला, अशी ती गंमत आहे.

यातून तुमच्यासाठी निघतं काय? एक म्हणजे अक्रात सरकार बदललं की हे सगळे चीफ एक्झिक्युटिव्ह एका झटक्यात जातात. 2017 ला गेले, 2025 ला गेले. नवीन नाव यायला वेळ, मग त्या नावावरून पक्षाच्या पोरांचा राडा, मग मतदान, तोपर्यंत फाईल टेबलावर. म्हणून माझी सगळी कामाची मैत्री कोऑर्डिनेटिंग डायरेक्टरशी. तो सरकारी नोकर, असेंब्लीचं प्रशासन तो चालवतो, आणि साहेब बदलले तरी त्याची खुर्ची तिथंच असते (त्याची बदली होते, ती वेगळी). त्याच्याखाली प्लॅनिंग ऑफिसर, वर्क्स डिपार्टमेंट, आणि पर्यावरण-आरोग्यवाले. पत्र चीफ एक्झिक्युटिव्हच्या नावानं लिहा, कॉपी याला, आणि स्वतः जाऊन द्या, पोच घ्या. ईमेल पाठवून वाट बघत बसाल तर दोन वर्षं तिथंच संपतील.

दुसरं, त्या वॉर्डाचा असेंब्ली मेंबर. याला पगार नसतो, बैठकीचा भत्ता मिळतो, त्यामुळे तो शिक्षक असतो, शेतकरी असतो, मोबाईलच्या दुकानाचा मालक असतो. ऑफिसात तो सापडणार नाही, फोनवर सापडेल. तो इंग्रजीतला कागद डागबानीत नेतो आणि गावातली कुरबुर इंग्रजीत परत आणतो, हे काम दुसरं कुणी करत नाही. त्याला न सांगता गावात गेलात तर त्याची लोकांत नाचक्की होते आणि मग तो तुमच्या कामात काही बिघडवणार नाही कदाचित, पण मदतही करणार नाही. तिसरं, पैसे. घटनेप्रमाणे देशाच्या महसुलाचा किमान पाच टक्के भाग कॉमन फंड म्हणून असेंब्लींना जातो, पण तो वेळेवर येत नाही ही तिथली कायमची रड आहे. तुमच्या करारात असेंब्लीनं अमुक हिस्सा भरायचा असं लिहिलेलं असेल तर त्या तारखेवर तुमचं वेळापत्रक टांगू नका.

चीफ. 'राजा' म्हणू नका, चीफ म्हणा किंवा नाआ म्हणा, जसं तोलोन-नाआ, कुंबुन-नाआ. सगळ्या डागबोनचा, म्हणजे डागोंबांच्या मुलखाचा, मुख्य तो या-नाआ, येंदीला असतो. दक्षिणेत चीफ स्टुलावर बसतो, इथं कातड्यावर, म्हणून गादीला 'स्किन' म्हणतात. घटनेनं चीफ लोकांना पक्षीय राजकारण बंद केलंय, आणि निवडून येण्याचा प्रश्नच नाही, पण जमीन त्यांच्या हातात आहे. उत्तरेतल्या जमिनी इंग्रजांच्या काळात सरकारनं स्वतःच्या ताब्यात घेतल्या होत्या, त्या 1979 च्या घटनेनं परत स्किनकडे गेल्या. आजही बाहेरच्या माणसाला जमीन विकत मिळत नाही, परदेशी माणसाला जास्तीत जास्त पन्नास वर्षांचा पट्टा. आणि या जमिनीचं जे रीतसर उत्पन्न येतं त्याची वाटणी घटनेतच दिलीय: दहा टक्के सरकारी कार्यालयाच्या खर्चाला, उरलेल्यातले पंचवीस टक्के गादीला, वीस टक्के पारंपरिक मंडळाला, आणि पंचावन्न टक्के असेंब्लीला. म्हणजे चीफ आणि असेंब्ली एकमेकांचे विरोधक नाहीत, एकाच उत्पन्नाचे वाटेकरी आहेत, आणि जिथं वाटेकरी तिथं धुसफूस ही आलीच.

आपल्या कामात जागा गावाच्या पाण्यासाठी असते, टाकी आणि पॅनेल बसतील एवढी, ती बहुतेक ठिकाणी फुकट मिळते. पण 'दिली' हे चीफच्या वाड्यावर, चार लोकांसमोर म्हटलं गेलं पाहिजे, आणि ज्या घराची ती शेतजमीन आहे तो माणूस तिथं हजर पाहिजे. मग तेच कागदावर इंग्रजीत, सहीनं नाहीतर अंगठ्यानं, असेंब्ली मेंबर साक्षीदार. आधी तोंडी, मग कागद. उलट क्रमानं गेलात, म्हणजे असेंब्लीचं पत्र नाचवत वाड्यावर पोचलात, तर म्हातारा शांतपणे ऐकून घेईल आणि पुढच्या सोमवारी या म्हणेल. सोमवार आणि शुक्रवार हे बसायचे दिवस, त्या दिवशी गेलेलं बरं. चपला बाहेर, टोपी काढायची, खाली उकिडवं बसायचं, हात मिळवायला पुढं करायचा नाही. आणि चीफशी थेट बोलायचं नाही, वुलाना म्हणून त्याचा बोलणारा माणूस असतो, त्याला सांगायचं, तो पुढं सांगतो, उत्तर पण त्याच्याकडूनच. चीफला इंग्रजी येत असलं तरी. काही चीफ निवृत्त अधिकारी, प्राध्यापक असे पण असतात, अस्खलित इंग्रजी, तरी वाड्यावर सगळं वुलानामार्फत आणि डागबानीत. बाई म्हणून मला कधी अडवलं नाही कुणी, खाली बसायची रीत पाळली की बस.

द्यायचं काय, तर कोला. कोलानट म्हणजे कडू बी, चघळतात, पाहुणा येताना ते घेऊन जातो. हल्ली त्याऐवजी थोडे पैसे देतात आणि त्याला पण कोलाच म्हणतात. सगळ्यांसमोर देतात, वुलाना मोठ्यानं सांगतो अमुक माणसानं कोला दिला. माझा साधा निकष असा: चार लोकांत, आल्याआल्या, छोटी रक्कम, आणि नकार मिळाला तरी परत मागायची नाही, ती रीत. एकांतात, काम अडवून, आकडा सांगून मागितलं तर ती रीत नाही, मग तो वाड्यावरचा माणूस असो की ऑफिसातला. असेंब्लीच्या फीचे दर दरवर्षी ठरावानं ठरतात आणि छापलेले असतात, ते मागून घ्या, पावतीशिवाय एक सेडी देऊ नका. घर बांधायला किंवा यार्डासाठी जागा घेताना मात्र 'कोला' या नावाखाली मोठ्या रकमा फिरतात, त्यात तुम्ही एकटे पडू नका, कंपनीचा वकील आणि लँड्स कमिशनची नोंद याशिवाय हात घालू नका.

एक नाजूक गोष्ट. मार्च 2002 मध्ये येंदीला या-नाआ याकुबु अंदानी दुसरे मारले गेले. डागबोनमध्ये अबुदु आणि अंदानी ही दोन घराणी, त्यांच्यातला वाद, आणि त्यानंतर जवळजवळ सतरा वर्षं गादी नीट भरली गेली नाही. शेवटी असांतेहेने, म्हणजे कुमासीच्या असांते लोकांचे मुख्य चीफ, यांच्या अध्यक्षतेखालच्या चीफ लोकांच्या समितीनं मार्ग काढला आणि जानेवारी 2019 मध्ये नवीन या-नाआ बसले. मधल्या काळात कित्येक गावांना चीफ नव्हता, किंवा दोन होते. खुद्द तमालेत गुलकपे-नाआ आणि डाकपेमा यांच्यात कुणाचा अधिकार कुठंपर्यंत हा जुना प्रश्न आहे. डाकपेमा परंपरेनं भूमीचा पुजारी, आणि जुने लोक तेच धरून बोलतात. यात तुमचं मत काय असं कुणी गोड बोलून विचारलं तर तुमचं मत नाहीये. कुणाला तुम्ही कुठल्या घराण्याचे असं विचारायचं नाही, आणि असेंब्लीकडून लेखी घ्यायचं की या गावासाठी कुठल्या वाड्यावर जायचं.

तिसरं दार सोपं आहे: कम्युनिटी वॉटर अँड सॅनिटेशन एजन्सी, 1998 च्या कायद्यानं झालेली, ग्रामीण आणि लहान गावांचं पाणी बघते. शहरातलं पाणी घाना वॉटरचं, व्हाइट व्होल्टा नदीचं, दालुनला शुद्ध होऊन येतं. बोअर मारायला वॉटर रिसोर्सेस कमिशनचं ड्रिलिंग लायसन्स लागतं, ते ठेकेदाराकडे आहे का ते बघा. इथले लोक इंजिनियर, बोलणं इंग्रजीत, आपल्यासारखीच डोकी, यांच्याशी तुमचं लगेच जमेल आणि म्हणूनच तुम्ही सगळा वेळ यांच्याच ऑफिसात घालवाल. तसं करू नका.

आतापर्यंतचं एका दमात: पहिल्यांदा कोऑर्डिनेटिंग डायरेक्टरकडे ओळख, तिथून असेंब्ली मेंबरचा नंबर, त्याला घेऊन वाड्यावर, वाड्यावरच्या होकारानंतर कागद, आणि एजन्सी या सगळ्यात शेजारी बसलेली.

भाषेची खरी परीक्षा बोअर कोरडं गेलं की होते. तमालेच्या भोवती व्होल्टाइयन खडक, शेल आणि मडस्टोन, भेगा पडलेल्या मिळाल्या तर पाणी, नाहीतर धूळ. आपल्या बेसॉल्टची सवय असेल तर ती तिथं उपयोगाची नाही, कोरड्या बोअरचं प्रमाण बरंच जास्त आहे, आणि पूर्वेला काही भागात पाणी लागलं तरी फ्लोराइड निघतं. आता गावानं जागा दिली, कोंबडी कापली, रिग दोन दिवस घरघरली, आणि पाणी नाही. शेजारच्या गावाला लागलं. लोकांना वाटतं तुम्ही मुद्दाम वर थांबलात, किंवा शेजारच्यांनी काही दिलं. म्हणून ड्रिलिंगच्या आधीच बैठकीत, डागबानीत, बायका हजर असताना सांगायचं की तीन जागा शोधल्यात, पहिली गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी, आणि तिसरीही गेली तर या गावात बोअर नाही, पाइप दुसरीकडून येईल. कितीपर्यंत खोल जाणार तेही सांगायचं. रिगवर गावातला एक माणूस बसवायचा, मीटर मोजायला.

पाण्याच्या बाबतीत हे लोक भोळे आहेत असं समजू नका. नारू, म्हणजे तळ्याच्या पाण्यातून होणारा कृमीचा रोग, हा शब्द आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना आठवत असेल, भारत त्यातून 2000 साली सुटला. घाना 2015 ला सुटला, शेवटचा रुग्ण 2010 मधला, आणि सगळ्यात शेवटपर्यंत तो टिकला तो याच पट्ट्यात. सावेलुगुत 2007 च्या सुमाराला मोठा उद्रेक होता. तिशीच्या पुढच्या कुणालाही तळ्याचं पाणी फडक्यानं गाळायचं शिकवावं लागत नाही. आणि हातपंप पण त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतो. तिथं मान्य असलेल्या चार हातपंपांपैकी एक म्हणजे इंडिया मार्क टू, घानानं थोडा बदललेला. त्याचा मूळ पुरुष आपल्या सोलापूरचा पंप, त्याच्या आधी जालन्याचा, मिशनऱ्यांनी बनवलेले, मग 1970 च्या दशकात युनिसेफनं त्यावरून मार्क टू घडवून घेतला. हे गावात सांगा, लोकांना मजा वाटते, आणि गावाच्या पाणी समितीतला पंप मेकॅनिक लगेच वॉशर टिकत नाहीत म्हणून तुम्हालाच धारेवर धरतो.

नळयोजनेत पाणी बादलीमागे पैसे घेऊन मिळतं, स्टँडपोस्टवर, म्हणजे सार्वजनिक नळावर, एक बाई बसते, ती वसूल करते. समितीत बायका असाव्यात असा नियम आहे आणि नावं असतात पण. त्या बोलतात का ते बघा. वाड्यावर पुरुषांसमोर त्या बोलणार नाहीत, तिथं अपेक्षा ठेवू नका. गावात बायकांची एक म्होरकी असते, मगाझिया, तिच्या अंगणात वेगळी बैठक घ्या. नळ कुठं पाहिजे आणि बादलीचा दर काय परवडतो हे मला खरं खरं तिथंच कळत आलंय, वाड्यावर जे ठरतं ते सगळ्यांना शोभेल असं असतं.

वेळापत्रकाचं पटकन. पाऊस मे ते ऑक्टोबर, रिग चिखलात रुततात, आणि पेरणीच्या दिवसांत दिवसा गावात कुणी नसतं. डिसेंबर-फेब्रुवारी हर्मटान, सहारातून धुळीचा वारा, ओठ फुटतात, पण ड्रिलिंगचा हाच हंगाम. मार्चमध्ये पारा चाळिशीत. बाजार सहा दिवसांनी येतो, सात नाही, त्यामुळे आपल्या आठवड्याशी जुळत नाही, प्रत्येक गावाचा बाजाराचा दिवस लिहून ठेवा आणि त्या दिवशी बैठक ठेवू नका. शुक्रवारी दुपारी नमाज. रमजानात दुपारनंतर कुणाकडून अपेक्षा ठेवू नये.

तुमच्या मिसेसबद्दल. शुद्ध शाकाहार बाहेर खाऊन जमणार नाही, भाजीच्या रश्शात सुकी मासळी नाहीतर मांसाचा अर्क असतोच आणि त्यांच्या हिशोबात ते मांसाहारी नाही. घरी स्वयंपाक केलात तर काही अडचण नाही. बाजरी, ज्वारी, मका, शेंगदाणे, चवळी, भेंडी, टोमॅटो, कांदा, मिरची, सुरण-गराडूसारखा याम, सोयाबीन, सगळं बाजारात. टीझेड म्हणून मक्याच्या किंवा बाजरीच्या पिठाचा घट्ट गोळा खातात, तो करायला शिका, कुणी घरी आलं की उपयोगी पडतो. वाकये म्हणजे भात आणि चवळी एकत्र शिजवलेलं, सकाळी रस्त्यावर मिळतं, मासे-अंडं घालू नका म्हणून आधी सांगायचं. तूरडाळ, हिंग, गोडा मसाला इकडून न्या, बाकी अक्रात मिळतं. मराठी माणसं तिथं शोधत बसू नका, भारतीयच थोडे. पण हिंदी सिनेमा आणि मालिका तिथं तुफान चालतात, ट्वीत डब केलेल्या सुद्धा, त्यामुळे शेजारच्या बायका पहिल्याच आठवड्यात मिसेसना नाच येतो का विचारायला येतील. डागबानी मिसेस तुमच्यापेक्षा लवकर शिकतील, हे लिहून ठेवा, कारण त्यांचं शिकणं बाजारात होईल आणि तुमचं गाडीत.

कंपनीशी बोलताना दोन गोष्टी करारात घालून घ्या: दुभाष्यांचा पगार वेगळ्या हेडखाली, आणि प्रत्येक गावामागे ड्रिलिंगच्या आधी निदान तीन फेऱ्यांचा वेळ. ऑफिसवाले म्हणतील तीन कशाला, एकात करा. त्यांना सांगा की पहिल्या फेरीत फक्त भेट होते, कामाचं कुणी बोलत नाही. आणि जिल्हा कळला की इथंच लिहा, तोलोन, कुंबुंगु किंवा सावेलुगु असेल तर खडकाचं आणि कुठल्या बाजूला फ्लोराइड बघायचं त्याचं अजून सांगते.